विहीर डासांच्या खात्यात, सेप्टिक टँक कुणाच्याच नाही

मुंबईत भुयारी गटारं सगळीकडे पोचली आहेत असं धरून चालणाऱ्यांनी एकदा मढ, मनोरी, गोराईच्या बाजूला किंवा आरेतल्या पाड्यांवर जाऊन यावं. तिथे घराच्या मागे सेप्टिक टँक असतो आणि पुढच्या अंगणात विहीर. झोपडपट्ट्यांतली बरीच सार्वजनिक शौचालयं आजही टाकीवरच चालतात. उपनगरांतल्या काही जुन्या सोसायट्यांचं आणखी वेगळं. आपली लाइन रस्त्यातल्या मलवाहिनीला जोडलेली आहे असं कमिटीला वाटत असतं, आणि पेव्हर ब्लॉक उखडले की खाली टाकी सापडते.

या टाक्यांवर आणि विहिरींवर नजर ठेवायची कुणी? कागदावर बरेच जण आहेत. नकाशा मंजूर करताना इमारत प्रस्ताव खातं टाकी बघतं. नळाचं पाणी जलकामे विभागाकडे, मलवाहिनी मलनिस्सारणाकडे, पावसाळी गटार पर्जन्य जलवाहिन्या खात्याकडे, सार्वजनिक शौचालय घनकचरा व्यवस्थापनाकडे. जुलाब-काविळीचे रुग्ण वाढले की वॉर्डातले वैद्यकीय आरोग्य अधिकारी येतात. विहीर मात्र प्रामुख्याने कीटकनाशक विभागाच्या यादीत असते. म्हणजे तुमच्या विहिरीवर येणारा पालिकेचा माणूस बहुधा अळ्या शोधायला आलेला असतो. पाणी पिण्याजोगं आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. आणि टाकी एकदा बांधून झाली की ती तुंबेपर्यंत किंवा शेजारी तक्रार करेपर्यंत कुणीही झाकण उघडत नाही.

विहीर डासांच्या खात्यात गेली त्यालाही इतिहास आहे. 1911 साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाच्या कारणांवर अहवाल दिला. हिवताप पसरवणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी हा डास शहरातल्या विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, हे त्यातून पुढे आलं आणि विहिरी बुजवण्याची, झाकण्याची मोहीम सुरू झाली. विहिरीशी धर्म जोडलेला असल्याने विरोधही बराच झाला, विशेषतः पारशी समाजातून. चर्चगेटजवळची 1725 सालची भिखा बेहराम विहीर आजही जपलेली आहे. मुंबई महानगरपालिका अधिनियम 1888 चं कलम 381 डासांची पैदास होऊ देणाऱ्या जागेच्या मालकाला नोटीस देण्यासाठी रोज वापरलं जातं. कलम 381अ नुसार आयुक्तांच्या परवानगीशिवाय नवी विहीर, हौद किंवा टाकी करता येत नाही. एप्रिल 2025 मध्ये याच 381अ खाली विहिरी आणि बोअरवेलच्या मालकांना नोटिसा गेल्या, टँकरवाल्यांनी संप केला, आणि एवढ्या विहिरींचं पाणी शहरात रोज फिरतं हे अनेकांना तेव्हा कळलं. त्या वादात केंद्रीय भूजल प्राधिकरणाचा परवाना, डिजिटल फ्लो मीटर, टँकर भरण्यासाठी लागणारी 200 चौरस मीटर जागा यांची भरपूर चर्चा झाली. किती पाणी उपसलं, याचीच सगळी मोजदाद. ते पाणी कसं आहे, हा प्रश्न मागच्या बाकावर राहिला.

थोडक्यात, तपासणी आपली आपणच करायची आहे. कशी, ते पुढे.

आधी टाकी. भारतीय मानक 2470 मध्ये सेप्टिक टँकची मापं दिली आहेत आणि ती मिस्त्रीच्या अंदाजापेक्षा बरी आहेत. पाण्याची खोली किमान 1 मीटर, रुंदी किमान 75 सेंटिमीटर, पाणी मावण्याची क्षमता किमान 1000 लिटर, लांबी रुंदीच्या दोन ते चार पट. पाच माणसांच्या घराला 1.5 मीटर लांब, 75 सेंटिमीटर रुंद आणि 1 मीटर पाण्याची टाकी पुरते, पण दर वर्षी उपसायच्या बोलीवर. दहा माणसांना 2 मीटर बाय 90 सेंटिमीटर. या दहा माणसांच्या टाकीत उपसा वर्षाला करणार असाल तर पाण्याची खोली 1 मीटर, दोन वर्षांनी करणार असाल तर 1.4 मीटर. पाण्याच्या वर 30 सेंटिमीटर मोकळी जागा हवी. आपल्याकडे मिस्त्री बाहेरून मापं सांगतो, त्यात भिंतीची जाडी आणि ही मोकळी जागाही धरलेली असते. आतली मापं आणि आउटलेटच्या तळापर्यंतची खोली स्वतः टेप लावून घ्या.

टाकीचं काम साधं आहे. मैला आत येतो, जड भाग तळाशी बसतो, तेलकट आणि हलका भाग वर साय धरतो, मधलं पाणी बाहेर पडून शोषखड्ड्यात, म्हणजे ते जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जातं. यासाठी पाणी आत निदान एक-दोन दिवस शांत राहायला हवं. म्हणून इनलेटला आणि आउटलेटला टी पाइप लागतात आणि त्यांचं खालचं तोंड पाण्यात सुमारे 30 सेंटिमीटर बुडालेलं असावं लागतं. आउटलेटचा टी तुटला किंवा बसवलाच नाही, तर वरची साय थेट शोषखड्ड्यात जाते आणि खड्डा हां हां म्हणता बुजतो. जुन्या टाक्यांत हा दोष फार आढळतो. सिमेंटचा टी कुजून पडलेला असतो, आणि खड्डा भरला म्हणून मालक नवा खड्डा खणत बसतो. दीड-दोनशे रुपयांच्या पीव्हीसी टीवर भागणारं काम हजारोंवर जातं. आउटलेट इनलेटपेक्षा 5 सेंटिमीटर खाली हवा. 2000 लिटरपेक्षा मोठ्या टाकीत आडवी भिंत घालून दोन कप्पे करायचे, पहिला कप्पा लांबीच्या दोन तृतीयांश. दोन्ही कप्प्यांवर वेगवेगळी झाकणं हवीत. गोल असेल तर किमान 50 सेंटिमीटर व्यासाचं, चौकोनी असेल तर साधारण 45 बाय 60. पैसे वाचवण्यासाठी एकच झाकण ठेवतात, मग दुसऱ्या कप्प्यातला गाळ वर्षानुवर्षं तसाच राहतो.

व्हेंट पाइप, म्हणजे टाकीतला वायू बाहेर सोडणारा पाइप, किमान 50 मिलिमीटरचा. टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल, आणि मुंबईत ती असतेच, तर पाइप घराच्या माथ्यापेक्षा 2 मीटर वर न्यायचा. त्याच्या तोंडावर जाळी हवी. सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात क्युलेक्स डास भरमसाट वाढतात आणि जाळी फाटलेल्या पाइपातून रात्री थव्याने बाहेर पडतात. हत्तीरोग पसरवणारा डास हाच. नायलॉनची जाळी उन्हात दोन-तीन पावसाळ्यांत विरते, दरवर्षी मे महिन्यात एकदा बघून घ्यावी. झाकणाच्या कडांची फट सिमेंटने किंवा चिकणमातीने बंद असली पाहिजे.

आता मुंबईतला खरा रोग. पुष्कळ टाक्यांना तळच नसतो. बाजूच्या भिंती बांधतात, तळाला मुरूम तसाच सोडतात, म्हणजे पाणी मुरत राहतं आणि उपसा करावा लागत नाही. याला लोक सेप्टिक टँक म्हणतात, पण तो निव्वळ खड्डा आहे, आणि शेजारच्या विहिरीच्या पाण्याला तो थेट जाऊन मिळतो. नवी टाकी ताब्यात घेताना पाण्याने काठोकाठ भरा, 24 तास भिंती भिजू द्या, पुन्हा भरा आणि पुढच्या 24 तासांत पातळी उतरते का ते खडूची खूण करून बघा. उतरली तर मिस्त्रीचा शेवटचा हप्ता थांबवा. ही चाचणी प्लास्टर वाळल्यावर आणि माती भरण्याआधी करायची. नंतर गळती शोधणं जवळजवळ अशक्य.

दुसरा रोग पावसाचं पाणी. गच्चीचा पाइप किंवा अंगणाचा उतार टाकीत सोडलेला असतो. जुलैच्या एका सरीत टाकीतलं सगळं शांत पाणी आणि तळाचा गाळ ढवळून बाहेर जातो. पावसाळ्यात टाकी आपोआप साफ होते असं सांगणारे लोक असतात. ती घाण नाल्यात किंवा विहिरीत गेलेली असते, एवढंच. याशिवाय फ्लशमधून गेलेले सॅनिटरी पॅड आणि ओले वाइप्स, स्वयंपाकघराचं तेल, आणि दर आठवड्याला ओतलेलं ॲसिड. ॲसिडने फरशी चकचकीत होते, टाकीतले जिवाणू मात्र मरतात आणि गाळ कुजायचा थांबतो.

टाकीतून बाहेर पडणारं पाणी साफ नसतं, हेही स्पष्ट असलेलं बरं. जंतू त्यात भरपूर असतात. ते मारण्याचं काम शोषखड्ड्याभोवतीची माती करते, म्हणून माती मुळात पाणी पिते का ते आधी बघायचं. चाचणी घरी करता येते. शोषखड्डा करायचा त्याच खोलीला 10 ते 30 सेंटिमीटर रुंदीचं भोक घ्या, तळाला 5 सेंटिमीटर जाड वाळू किंवा खडी टाका, 30 सेंटिमीटर पाणी भरून निदान चार तास, शक्यतो रात्रभर, मुरू द्या. दुसऱ्या दिवशी खडीवर 15 सेंटिमीटर पाणी ठेवा आणि 30 मिनिटांत किती उतरतं ते मोजा. एक सेंटिमीटर उतरायला लागणारी मिनिटं हा तुमचा आकडा. 30 मिनिटांपर्यंत असेल तर साधा शोषखड्डा चालतो, किमान 90 सेंटिमीटर व्यासाचा आणि इनलेटखाली किमान 1 मीटर खोल. 30 ते 60 असेल तर प्रकरण अवघड आणि मोठं होतं. 60 च्या पुढे शोषखड्ड्याचा नाद सोडा.

ही चाचणी एप्रिलमध्ये करून फसू नका. मुंबईच्या किनाऱ्यालगत आणि भराव घातलेल्या जमिनीत पावसाळ्यात भूजल दीड-दोन हातांवर येतं, भरतीला आणखी वर. जुलैत शोषखड्ड्याच्या जागी नुसता पाण्याचा खड्डा असतो. मग पाणी मुरणार कुठे? उलट ते टाकीत परत येतं आणि तळमजल्याच्या संडासात बुडबुडे दिसू लागतात. जवळच्या विहिरीत ऐन पावसाळ्यात पाणी किती खाली आहे ते बघणं हा सर्वांत स्वस्त अंदाज.

अंतराचा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो आणि पाळत कुणी नाही. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 18 मीटर आणि राहत्या घरापासून किमान 6 मीटर. गावठाणातल्या प्लॉटवर 18 मीटर म्हणजे तीन घरं ओलांडून पलीकडे. म्हणून तुमच्या विहिरीचा धोका तुमच्या टाकीपेक्षा शेजाऱ्याच्या टाकीत जास्त असतो, आणि आळीतल्या सगळ्यांनी मिळून मापं घेतल्याशिवाय त्याचा पत्ता लागत नाही. शिवाय 18 मीटर हे मातीसाठी आहे. मुंबईखाली काळा बेसॉल्ट आहे. त्यात भेगा असल्या तर पाणी मातीतून झिरपण्याऐवजी भेगेतून पळतं आणि गाळणीचं काम होतच नाही. संशय असेल तर फ्लुरोसिन हा रंग संडासातून सोडा आणि पुढचे काही दिवस विहिरीचं पाणी पांढऱ्या बादलीत काढून उजेडात बघा. हिरवट-पिवळी झाक आली तर वाद संपला.

टाकी कधी उपसायची? ‘भरली की’ हे उत्तर चुकीचं आहे, कारण टाकी पहिल्या आठवड्यापासून भरलेलीच असते. मोजायचा असतो तो गाळ. एक इंची पीव्हीसी पाइप किंवा सरळ बांबू घ्या, अडीच मीटरचा. खालच्या एक मीटरवर जुना पांढरा टर्किश टॉवेल गुंडाळून सुतळीने घट्ट बांधा. आउटलेटच्या बाजूच्या झाकणातून सावकाश तळापर्यंत सोडा, दोन-तीन मिनिटं तसाच धरा आणि न हलवता सरळ वर काढा. टॉवेलवर काळे कण जिथपर्यंत चिकटलेले दिसतात तेवढा गाळ. त्याच्या वर टॉवेल फक्त ओला आणि मळकट असतो, ही सीमा बऱ्यापैकी स्वच्छ दिसते. सायीसाठी पाइपाच्या टोकाला एल्बो लावा, साय भेदून खाली घाला, फिरवा आणि हळूच वर ओढा. जिथे अडकल्यासारखं लागतं तो सायीचा तळ. गाळ आणि साय मिळून पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाली की मैला ओढणारी गाडी बोलवायची. 1 मीटर पाण्याच्या टाकीत हा आकडा 33 सेंटिमीटर. निम्म्यापर्यंत थांबलात तर गाळ शोषखड्ड्याकडे निघालेला असतो. साधारण दोन-तीन वर्षांनी उपसा लागतो, पण पाहुण्यांचा राबता असलेल्या किंवा भाडेकरू ठेवलेल्या घरात तो लवकर लागतो. तारीख आणि आकडा झाकणाजवळच्या भिंतीवर ऑइल पेंटने लिहून ठेवा. वही हरवते.

झाकण उघडताना दोघं जण हवेत. सिगारेट, काडीपेटी लांब, कारण आत मिथेन असतो. उघडून थोडा वेळ बाजूला थांबा, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, आत डोकावू नका.

टाकीत माणूस उतरवायचा नाही. कुठल्याही कारणाने नाही, कमरेला दोरी बांधूनही नाही. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड एकदम सुटतो. कुजक्या अंड्यासारखा वास येतो म्हणून तो ओळखता येईल असं वाटतं, पण साधारण 100 पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे गॅस गेला असा समज होतो. पुढच्या पातळीला माणूस काही श्वासांत कोसळतो. मग त्याला काढायला दुसरा उतरतो, दुसऱ्याला काढायला तिसरा. बातम्यांत एका टाकीत तीन-चार मृत्यू दिसतात त्यामागे हा क्रम असतो. हाताने मैला साफ करण्याच्या कामावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याच्या कलम 7 प्रमाणे गटार किंवा सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईसाठी कुणालाही प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे कामाला लावता येत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘आम्ही कॉन्ट्रॅक्टरला दिलं होतं’ ही सबब ‘अप्रत्यक्षपणे’ या शब्दाने आधीच निकालात काढली आहे. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे वाक्य दोनदा वाचावं. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख रुपये केली.

यांत्रिक उपशासाठी 14420 ही हेल्पलाइन आहे. गाडी ठरवताना तीन गोष्टी विचारा. गल्लीच्या तोंडापासून टाकीपर्यंत पाइप पोचेल का, दोन्ही कप्पे उपसणार का, आणि मैला कुठे रिकामा करणार. तिसऱ्याला उत्तर टाळलं जात असेल तर तो रात्री नाल्यात जाणार हे समजा. पावतीवर जागा लिहून घ्या. पाइप झाकणातून आत सोडायचा, टीमधून नाही, नाहीतर टी मोडतो. वरचं पाणी थोडं काढून तेच जोराने परत सोडलं की तळाचा घट्ट गाळ सुटतो, तो मग ओढायचा. टाकी धुऊन लख्ख करायची नाही, थोडा गाळ विरजणासारखा ठेवायचा. उपसा झाल्याबरोबर टाकी पाण्याने भरा. पावसाळ्यात रिकामी प्लास्टिकची टाकी भूजलाच्या दाबाने चक्क वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. म्हणून उपसा मार्च ते मेच्या मध्यापर्यंत उरकावा.

आता विहीर. आरोग्य निरीक्षक खरोखर पाण्यासाठी आला तर काय बघेल, त्याच क्रमाने आपण बघू. काठ जमिनीपासून 70-75 सेंटिमीटर उंच, भोवती एक मीटर रुंद सिमेंटचा ओटा, ओट्याला बाहेरच्या बाजूला उतार आणि सांडपाण्याला पन्हळ. आतल्या बाजूने वरचे सुमारे 6 मीटर बांधकाम पाणी न झिरपणारं, म्हणजे वरच्या थरातलं घाण पाणी थेट आत येणार नाही. घाणीच्या इतर जागांपासून किमान 15 मीटर अंतर, शोषखड्ड्यापासून मात्र वर सांगितलेले 18. वर पक्कं झाकण आणि पाणी काढायला पंप. दोरी-बादली ही संसर्गाची सर्वांत जुनी वाट आहे. विहिरीच्या आतल्या भिंतीवर पाऊस नसतानाही ओलसर काळपट ओघळ दिसला आणि तो शेजारच्या टाकीच्या दिशेला असला, तर प्रयोगशाळेच्या आधी तोच बोलतो.

इथे दोन खात्यांचा एक मजेशीर झगडा आहे. डासांसाठी विहिरीत गप्पी मासे सोडतात, आणि जंतूंसाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकतात. क्लोरीनने गप्पी मरतात. दोन्ही एकाच विहिरीत करणं म्हणजे मासे पाळायचे आणि मारायचे. पिण्या-वापरण्याची विहीर असेल तर घट्ट झाकण, जाळी आणि क्लोरीन. वापर नसलेल्या विहिरीला गप्पी. नोटीस आली तर हेच लेखी कळवा.

पावडर किती घालायची त्याचा हिशेब सोपा आहे. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची खोली गुणिले 3.14, भागिले 4, म्हणजे घनमीटर. त्याला 1000 ने गुणलं की लिटर. व्यास 3 मीटर आणि पाणी 4 मीटर असेल तर 28.26 घनमीटर, म्हणजे 28,260 लिटर. चांगल्या पावडरला 1000 लिटरमागे अडीच ग्रॅम धरतात, म्हणजे सुमारे 71 ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागेल. प्लास्टिकच्या बादलीत पावडरची थोड्या पाण्यात पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळा, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घ्या आणि ती विहिरीत सोडून वर-खाली हलवत रिकामी करा. खाली बसलेला चुना विहिरीत टाकायचा नाही, त्याने पाणी कठीण होतं. एक तास थांबून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात उरलेला क्लोरीन दाखवणारी ऑर्थोटोलिडिन चाचणी, करा. पिवळा रंग येऊन अर्धा मिलिग्रॅम प्रति लिटर क्लोरीन दिसला तर डोस बरोबर. रंगच आला नाही तर दोनच शक्यता. एक, पाण्यात घाण इतकी आहे की सगळा क्लोरीन तिने खाल्ला. दोन, पावडर मेली आहे. मुंबईच्या दमट हवेत उघड्या पिशवीतली पावडर काही आठवड्यांत गोळे धरते आणि निकामी होते, म्हणून लहान हवाबंद डब्यात, थोडी थोडी आणा.

विहिरीत सांडपाणी शिरल्याचं पक्कं झालं तर एवढ्याने भागत नाही. आधी शिरण्याची वाट बंद करा. मग पाणी पंपाने उपसा, डिझेल पंप विहिरीत उतरवू नका, त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. पुन्हा पाणी भरलं की 50 मिलिग्रॅम प्रति लिटरचा झटका द्या. 25 टक्के क्लोरीनच्या पावडरचे हे 1000 लिटरला 200 ग्रॅम होतात, वरच्या विहिरीला साडेपाच किलोच्या वर. रात्रभर ठेवून सगळं पाणी काढून टाका, तोवर कुणी प्यायचं नाही. मग नमुना द्या.

नमुना निर्जंतुक बाटलीतच घ्यावा, प्रयोगशाळेकडूनच आणलेल्या. क्लोरीन घातलेल्या पाण्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट हवं, नाहीतर वाटेत क्लोरीन उरलेले जंतू मारतो आणि अहवाल खोटा चांगला येतो. पंप काही मिनिटं चालवून मग भरा, बर्फात ठेवून सहा तासांत पोचवा. भारतीय मानक 10500 प्रमाणे 100 मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नको. नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या आत, अमोनिया 0.5 च्या आत. मुंबईत क्लोराइडचा आकडा बघून मैल्याचा निष्कर्ष काढू नका. समुद्राच्या खाऱ्या पाण्यानेही क्लोराइड वाढतं. नायट्रेट आणि अमोनिया मात्र समुद्रातून येत नाहीत, ते वाढले तर टाकीकडेच बघायचं. मधल्या काळासाठी एच-टू-एस बाटली, म्हणजे मैल्यातले जंतू असले की पाणी काळं करणारी साधी चाचणी, पुरते; 24 ते 48 तासांत पाणी काळं पडलं तर पुढची तपासणी करा. चाचणी दोनदा हवी, मेमध्ये आणि जुलैच्या भर पावसात. एकदाच परवडत असेल तर जुलैची.

ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनीही आवारातली सक्शन टँक, म्हणजे नळाचं पाणी साठवणारी जमिनीखालची टाकी, बघावी. मुंबईत पाणी ठरावीक वेळ येतं. बाकी वेळ जमिनीखालचा पाइप रिकामा असतो आणि फुटका असला तर आजूबाजूची घाण आत ओढतो. जुन्या आवारात सक्शन टँक आणि मैल्याचं चेंबर यांच्यात एकाच भिंतीचं अंतर असतं. सक्शन टँकचं झाकण जमिनीच्या पातळीला असेल तर ते निदान 30 सेंटिमीटर उंच करून घ्या. टाकी रिकामी करून धुताना भिंती कोरड्या होऊ द्या आणि पाणी कुठून पाझरतं ते टॉर्चने बघा.

तक्रार करायची तर 1916 वर नोंदवा आणि क्रमांक लिहून ठेवा, पण तेवढ्यावर थांबू नका. वॉर्ड ऑफिसला एकच पत्र तीन प्रतींत द्या: वैद्यकीय आरोग्य अधिकारी, सहाय्यक अभियंता जलकामे आणि मलनिस्सारण. तिघांनाही एकाच पत्रात नावाने संबोधलं की ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं म्हणणं जरा कठीण जातं. पत्रात ‘घाण वास येतो’ एवढंच लिहू नका. टाकी आणि विहीर यांतलं मीटरमधलं अंतर, रंग सोडल्याची आणि दिसल्याची तारीख, ई. कोलायचा अहवाल, आजारी पडलेल्या घरांची संख्या, आणि हाताने काढलेला नकाशा जोडा. मलवाहिनी तुमच्या जागेपासून 100 फुटांच्या आत असेल तर तेही लिहा. 1888 च्या अधिनियमाच्या कलम 231 प्रमाणे अशा मालमत्तेला मलवाहिनीला जोडायला लावण्याचा अधिकार आयुक्तांना आहे, आणि टाकीच्या कटकटीवर यापेक्षा पक्का उपाय नाही.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात घर विकताना सेप्टिक यंत्रणेची तपासणी करून अहवाल स्थानिक आरोग्य मंडळाकडे द्यावा लागतो, आणि तो सहसा दोन वर्षं ग्राह्य धरतात. आपल्याकडे गावठाणातलं घर हातोहात विकलं जातं आणि टाकी कुठे आहे हेसुद्धा नव्या मालकाला पहिल्या तुंबण्यापर्यंत कळत नाही. घर घेत असाल तर टोकन देण्याआधी झाकण दाखवायला सांगा, आतली मापं घ्या, शेवटच्या उपशाची पावती मागा आणि विहिरीचा नमुना स्वतः भरा. विकणाऱ्याने बाटलीत भरून आणलेलं पाणी चालणार नाही.